अधिकार आणि विश्वास

बेळगावातील कारखान्याची जागा सोडणे भाग पडल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी, औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या उदार आश्रयाने, कुंडलनजीकच्या निवडुंगाने व्यापलेल्या ओसाड माळावर १९१० साली नवा संसार मांडला, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. परंतु त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली ती कोणत्या नेतृत्वगुणामुळे, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही. अन्यत्र अपयश पदरी आलेले के. के. कुलकर्णी तेथे कर्तबगार व्यवस्थापक ठरले, मंगेशराव रेगे यांनी दफ्तर आणि हिशेब सांभाळले, आणि दरोड्याबद्दल शिक्षा भोगलेल्या माणसांच्या हाती तर वसाहतीचा पहारा निःशंकपणे सोपविण्यात आला. माणसाचा पूर्वेतिहास चाळीत न बसता त्याच्या अंगचा गुण हेरावा, आणि कामाबरोबर त्या कामाचा अखत्यारही त्याला द्यावा, ही लक्ष्मणरावांची रीत होती.

या रीतीचे मोल ओतशाळेच्या कामात विशेष प्रत्ययास येते. साच्याची वाळू प्रमाणाबाहेर ओली राहिली, तर तापलेला रस आत पडताच वाफ कोंडते आणि ओतिवाच्या पोटात पोकळी राहते, हे साचा करणारा कारागीर पुरते जाणून असतो. तथापि काम थांबविल्याबद्दल जाब विचारला जाईल, या धास्तीने जर त्याने मौन पत्करले, तर तो दोष पुढे लेथवर काम करणाऱ्याच्या हाती उघडा पडतो, त्याची मेहनत वाया जाते, आणि दोन खात्यांत जो कलह माजतो त्याचे मूळ वस्तुतः वरिष्ठाच्या जरबेत असते. हुकमाने हजेरी मिळते, हातांची हालचाल मिळते. परंतु दोष वेळीच सांगण्याचे धैर्य आणि शेजाऱ्याचे काम आपलेच मानण्याची वृत्ती हुकमाने निर्माण होत नाही.

विश्वास म्हणजे शैथिल्य, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. ज्याला अखत्यार दिला त्याच्याकडून चोख हिशेब घेणे हे धन्याचे कर्तव्यच होय. फक्त तो हिशेब सुधारणेसाठी घ्यावा, मानखंडनेसाठी घेऊ नये.

आज ज्यांच्या हाताखाली चार माणसे आहेत, त्या प्रत्येक कारखानदाराला, मुख्याध्यापकाला आणि अंमलदाराला माझी आग्रहाची विनंती आहे, की आपल्या कचेरीत अप्रिय वार्ता घेऊन येणारा मनुष्य निर्भयपणे आत येऊ शकतो किंवा नाही, याची त्यांनी प्रथम चौकशी करावी.