नकाशात न सापडलेला ओटा

मी कॉन्व्हेंटवाला. माझं मराठी कसं आहे ते रूममेट्सना ठाऊक आहेच, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण हा लेख इंग्रजी विभागाला दिला असता तर 'ओटा' या शब्दापाशीच अडलो असतो!

आपल्या सिव्हिलवाल्यांत आर्किटेक्ट म्हटलं की हशा पिकतो. "एलिव्हेशनवाले!" घर उभं करायचं आपण, आणि यांनी समोर दोन खोटे खांब लावून फी घ्यायची. मीही हेच म्हणायचो. सेकंड इयरला बिल्डिंग ड्रॉइंग झालं, ऑटोकॅड हातात आलं आणि त्याच वेळी खामगावच्या मामांनी जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं. मी छाती फुगवून सांगितलं, "मामा, प्लॅन मी काढतो."

तीन रात्रींत प्लॅन तयार. मंजुरीचं काम परवानाधारक इंजिनिअरने केलं, पण आतली मांडणी सगळी माझी. मोठा हॉल, दोन बेडरूम, समोर गाडीसाठी पोर्च, पोर्चला ग्रील. जुन्या घराचा रस्त्याकडचा ओटा मी उडवला. मला ती 'वेस्ट स्पेस' वाटली होती. वास्तुशांतीला सगळ्यांनी पाठ थोपटली. चार महिन्यांनी गेलो तर आजी हॉलमध्ये नुसतीच बसलेली, टीव्हीसुद्धा बंद. पूर्वी पाच वाजले की ती ओट्यावर असायची. समोरच्या काकू यायच्या, भाजीवाला थांबायचा, अख्खी गल्ली तिच्या डोळ्यांखालून जायची. आता तिथे गाडी उभी. मला म्हणाली, "तुह्या नकाशात मी बसू कुठी, बाप्पा?"

तीन रात्रींत मी तिला एकदाही काही विचारलं नव्हतं.

त्यानंतर जरा शरमेने वाचायला लागलो आणि मुंबईच्या पी. के. दास यांच्या ऑफिसचं काम सापडलं. वास्तुकला आणि नगररचना, दोन्ही करणारं ऑफिस. वांद्र्याला शाहरुखचा बंगला बघायला गेलेले आपले मित्र ज्या बँडस्टँडवर फोटो काढून येतात, तिथला समुद्रालगतचा फिरण्याचा रस्ता यांनीच आखला. कार्टर रोडचाही. त्याआधी तो किनारा राडारोडा टाकायची जागा झाला होता. रहिवाशांच्या संघटना पुढे आल्या, तेव्हाच्या राज्यसभा खासदार शबाना आझमी यांनी आपला खासदार निधी दिला आणि या ऑफिसने आराखडा केला. त्यात डोळे दिपवणारं काही नाही. चालायला वाट, बसायला जागा, समोर समुद्र. माझ्या मते तो वांद्र्याचा ओटाच आहे!

आणि हे फक्त वांद्र्याच्या श्रीमंतांसाठी, असंही नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून हटवलेल्या झोपडपट्टीवासीयांसाठी चांदिवलीला संघर्षनगर उभं राहिलं, तेही निवारा हक्क चळवळीबरोबर याच ऑफिसने आखलं. २०१२ मध्ये त्यांनी 'ओपन मुंबई' हे प्रदर्शन भरवलं. शहरातले नाले, किनारे, तलाव, मैदानं एकमेकांना कशी जोडता येतील, हा त्याचा विषय. जुहूच्या इर्ला नाल्याच्या काठाने चालायची वाट व्हावी म्हणून तर ते लोकांबरोबर खटपट करत राहिले. नाल्याच्या काठाने! आपण नाल्याचा फक्त डिस्चार्ज काढतो.

होस्टेलवर हे सांगितलं तर उत्तर आलं, "ती मुंबई आहे बाबा. आपल्या नगरपरिषदेकडे पैसा कुठे?" मला हे पटत नाही. पेव्हर ब्लॉक आपल्या गावांतही बसतातच की. दरसूचीत त्यांना दर आहे, कर्ब स्टोनला आहे, खोदाईला आहे. पण एक दिवस रस्त्यावर उभं राहून इथे कोण बसतं, कोण कुठून ओलांडतं, दुपारी सावली कुठे पडते हे बघायचं, त्याला दर कुठे आहे? लहान ऑफिसचं खरं काम तेच, आणि नेमकं त्याचेच पैसे द्यायला आपण तयार नसतो. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर आणि सिंदखेडराजा भागातून गेला, त्यावर आपण सेमिनार दिले. शेगावला स्टेशनपासून मंदिरापर्यंत चालत जाणारी म्हातारी वाटेत टेकते कुठे, यावर कुणी दिला? लोणार सरोवराला २०२० मध्ये रामसर दर्जा मिळाला. तिथे येणाऱ्या माणसाने कुठे उभं राहावं आणि कुठे पाऊल टाकू नये, हे ठरवणं म्हणजे नुसतं कंपाउंड घालणं नव्हे.

(आपल्या होस्टेलच्या पायऱ्याच बघा. बसण्यासाठी त्या कुणी काढल्या नसतील, पण रात्री अकरापर्यंत तिथे जागा मिळत नाही. का, ते एकदा मेझरमेंट बुक घेऊन जाऊन बघा.)

सिव्हिलवाल्यांनी प्लॅन काढू नयेत, असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की तिसऱ्या रात्रीपर्यंत ऑटोकॅड उघडू नये.

दिवाळीत खामगावला गेलो. मामा ग्रीलचा एक भाग कापायला तयार झाले आहेत. गाडी थोडी तिरपी लावावी लागेल, त्यावर मामींचा अजून राग आहे. या वेळी टेप घेऊन आधी आजीकडे गेलो आणि विचारलं, ओटा किती उंच हवा? ती म्हणाली, "पाय टेकले पाह्यजेत." प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून मोजलं तर तिचे पाय अधांतरी. मग पाटावर बसवलं, मग दोन विटांवर पाट ठेवून. शेवटी चौदा इंच ठरले.