पैठणच्या मागावर

आमच्या धाकट्या कन्येचा विवाह येत्या मार्गशीर्षात ठरला आणि घरात खरेदीच्या याद्या सुरू झाल्या. पहिल्याच नोंदीवर घोडे अडले. कन्येने लिहिले होते, ‘पैठणी’. सौभाग्यवतींनी बारा वर्षांपूर्वी पर्युषणात रेशमाचा त्याग केला आहे. “आई, तुझा नियम तुझ्यापुरता. लग्न माझे आहे,” असे कन्येचे म्हणणे. “नियम माझ्यापुरताच आहे, पण साडी तुझ्या खांद्यावर मी घालणार आहे ना?” हे आईचे उत्तर. बँकेत पस्तीस वर्षे दोन पक्षांच्या मध्ये बसण्याची सवय असूनही मला या प्रकरणात तडजोडीचा मसुदा सुचेना. शेवटी मी एवढेच सुचविले, की ही वस्तू घ्यावी की नाही हे दुकानात न ठरविता ती जेथे विणली जाते तेथे जाऊन ठरवू.

म्हणून आम्ही तिघे मुलुंडहून निघालो, ठाण्याला तपोवन एक्स्प्रेस पकडली आणि छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी पैठण गाठले. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटरचे.

पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर हे नगर असल्याचे नमूद आहे. येथील मौल्यवान दगड गाड्यांत भरून भडोचला जात आणि तेथून समुद्रापार. आपण व्यापारी माणसे. तीर्थक्षेत्राचे माहात्म्य वाचताना त्या गावाची बाजारपेठही पाहतो. पैठणच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी दोन हजार वर्षांपासून एकत्र नांदत आहेत.

प्रथम गोदावरीकाठी संत एकनाथ महाराजांच्या समाधिमंदिरात गेलो. नाथांचा काळ 1533 ते 1599. फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीला, येथे वारकऱ्यांचा महासागर लोटतो. आम्ही गेलो त्या दिवशी मात्र मोजकीच माणसे होती. मंडपात एक आजोबा आपल्या नातवाला नाथांची सर्वपरिचित कथा सांगत होते. काशीहून गंगेची कावड घेऊन नाथ रामेश्वराला निघाले. वाटेत तहानेने तडफडणारे एक गाढव दिसले. रामेश्वराला अर्पण करावयाचे ते पाणी नाथांनी त्या मुक्या जिवाच्या मुखात ओतले. नातवाने विचारले, “मग देव रागावला नाही?” आजोबा म्हणाले, “अरे, ते देवालाच पोचले.” सौभाग्यवती माझ्याकडे पाहून काही बोलल्या नाहीत. जीवदयेचा विषय घरून निघाल्यापासून आमच्या सोबत होताच, तो येथेही भेटला.

गावात वीसावे तीर्थंकर श्री मुनिसुव्रतनाथ भगवानांचे दिगंबर अतिशय क्षेत्र आहे. तेथे दर्शन घेतले. चौदाव्या शतकात आचार्य जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात प्रतिष्ठानपुराचे वर्णन केले आहे. म्हणजे आपल्या परंपरेलाही हे नगर जुन्या ओळखीचे.

श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेतील वाचकांना आणखी एका कारणाने पैठणचे ऋण आहे. आपण संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थीला करतो, तिचे मूळ या नगरात सांगितले जाते. कालकाचार्यांचा चातुर्मास प्रतिष्ठानला होता. संवत्सरी पंचमीची, पण त्याच दिवशी नगरात इंद्रमहोत्सव. सातवाहन राजाने विनंती केली, की संवत्सरी षष्ठीला करावी, म्हणजे सर्वांना आराधना करता येईल. आचार्य म्हणाले, पंचमी ओलांडता येणार नाही. अलीकडे मात्र येता येईल. अशी चतुर्थी ठरली. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. परंतु तिच्यातील बारकावा त्या दिवशी प्रथमच जाणवला. आचार्यांनी लोकांची अडचण ऐकली, तिथी बदलली, पण मर्यादेची रेघ पुसली नाही. रेघेच्या आतल्या बाजूस जागा शोधली.

तेथून विणकरांच्या घराकडे वळलो. एका लहानशा खोलीत खड्ड्यातला माग, खिडकीतून येणारा उजेड, आणि मागावर बसलेल्या पन्नाशीच्या बाई. समोर ताण्याचे शेकडो उभे धागे. त्यांच्याखाली आलेख-कागदावर काढलेला बांगडी-मोर. पदर विणताना धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरसर जात नाही. प्रत्येक रंगासाठी वेगळी कांडी. बाई धागे मोजून उचलीत, कांडी घालीत, शेजारच्या रंगाशी धागा अडकवीत आणि फणी ठोकीत. त्यामुळेच अस्सल पदर उलटसुलट दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, मागे लोंबते धागे राहत नाहीत. यंत्रमागावरची नक्कल ओळखण्याची हीच पहिली खूण. दिवसभरात पदर किती पुढे सरकतो, असे विचारल्यावर त्यांनी बोटांनी दाखविले: दोन बोटे, फार तर तीन. नक्षी दाट असेल तर एका साडीला कित्येक महिने लागतात.

रेशीम बंगळुरूकडून, जर सुरतेहून. 2010 साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. हे सर्व ऐकत असताना माझ्यातला बँकवाला जागा झाला. साडी पूर्ण होईपर्यंत घर कशावर चालते? उत्तर सरळ होते. रेशीम व्यापारी देतो, मजुरीही तोच देतो. मधल्या काळात उचल, आणि उचल फिटेपर्यंत पुढची साडीही त्याचीच. खेळते भांडवल ज्याचे, माग त्याचा. कर्जाच्या प्रकरणांवर शेरे मारताना हे वाक्य मी अनेकदा लिहिले असेल, पण ते मागाशेजारी बसून कधी ऐकले नव्हते.

मग सौभाग्यवतींनी मुद्दा काढला. रेशमाचा किडा स्वतःभोवती एकच अखंड तंतू गुंडाळतो, जवळपास हजार मीटरपर्यंत लांब. पतंग कोश फोडून बाहेर पडला तर तो तंतू तुटतो. म्हणून त्यापूर्वीच कोश उष्णतेने निर्जीव करतात आणि गरम पाण्यात सोडून तंतू उकलतात. एका साडीमागे असे हजारो कोश. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशांचे ‘अहिंसा रेशीम’ तयार केले, हे खरे. पण त्यातील धागा उकलता येत नाही, सूतासारखा कातावा लागतो, आणि माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या त्या पतंगाला तसेही उडता येत नाही. प्रश्न कमी होतो, संपत नाही.

बाईंचे हात थांबले. “ताई, किडा मरतो हे मला बी ठाऊक आहे. पण तुमच्यासारख्यांनी घेतलं नाही, तर मी काय विणू? माझ्या लेकीनं हा माग नको म्हणून आधीच सांगितलंय.”

खोलीत काही क्षण कोणी बोलले नाही. एका जिवाचा विचार करताना दुसऱ्या जिवाची चूल विझते, हा हिशोब कोणत्याही खातेवहीत सहज जुळत नाही. ज्यांचा रेशीमत्याग केवळ नकारावर थांबतो, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर देणे लागते. आम्हीही लागत होतो.

तोडगा कन्येने काढला. “हीच वीण, हाच मोर, पण सुती धाग्यात होईल का?” बाई हसल्या. “होईल की. चमक तेवढी उठणार नाही, आणि सूत तुटतं जास्त. पण मजुरी रेशमाइतकीच पडेल. हात तोच, दिवस तेवढेच.”

हे वाक्य मला त्या प्रवासातील सर्वांत मोलाचे वाटते. सुती म्हणजे स्वस्त, हा आपला बाजारी समज. किंमत धाग्याची असते तशीच हाताचीही असते, हे मान्य केल्याखेरीज सुती पैठणी विणली जाणार नाही. दुकानात तशी साडी मागणारे थोडे, म्हणून ती विणवून घेणारे व्यापारीही थोडे. सौभाग्यवतींनी मजुरी एका शब्दाने मान्य केली आणि एकच अट घातली: जरीच्या गाभ्यालाही कधीकधी रेशमी धागा असतो, तेव्हा जर सुती गाभ्याची हवी. मी सूत आणि जरीची पूर्ण रक्कम व मजुरीचा अर्धा भाग विसार म्हणून दिला. बाईंनी तारीख लिहून घेतली. ही साडी होईपर्यंत तो माग कोणाच्या उचलीत नसेल.

चमक कमी पडेल, हे कन्येला पक्के ठाऊक आहे. छायाचित्रांत ती साडी इतरांच्या शालूंपुढे फिकी दिसेल, असे तिच्या मैत्रिणींनी सांगूनही झाले आहे. परतीच्या गाडीत ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. तिला थोडी हुरहूर आहे, हे मी लपवीत नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी देरासरला जाण्यासाठी मी पूजेची पेटी उघडली. वर माझे रेशमी धोतर आणि खेस. शुद्ध वस्त्र म्हणून वडिलांनी दिले, म्हणून मीही चाळीस वर्षे नेसत आलो. कन्येच्या साडीसाठी पैठणपर्यंत गेलो. या धोतराचा प्रश्न स्वतःला एकदाही विचारला नव्हता. सौभाग्यवतींनी बारा वर्षांत एका शब्दानेही तो सुचविला नाही, याचेच अधिक वाटले. आता पूजेसाठी सुती जोड आणला आहे.

वाचकांपैकी अनेकांच्या पेढ्या कापडाच्या आहेत. हातमागावरच्या सुती पैठणीची मागणी, रास्त मजुरी आणि वेळेवर विसार यांसह तुमच्या दुकानातून गेली, तर पैठणच्या त्या मागाला आणि आपल्या व्रताला एकाच वेळी जागा मिळेल. कालकाचार्यांनी त्याच गावात एक दिवस अलीकडे सरकून दाखविले होते.

जय जिनेंद्र.