अडीचशे डॉलरचा गळ आणि रिकामी बादली

आपल्या मंडळाची उन्हाळी सहल दरवर्षी कुठल्यातरी तळ्याकाठी होते. मिनेसोटात तळ्यांना तोटा नाही. एकीकडे ग्रिलवर कणसे भाजली जात असतात, दुसरीकडे अंताक्षरी रंगलेली असते, आणि फिशिंग पिअरवर चार-पाच बाबामंडळी मुलांना मासे पकडायला शिकवत असतात. शिकवत असतात म्हणजे खरे तर रीलमधला गुंता सोडवत असतात. शेजारी सात-आठ वर्षांचे पोर आपल्या जवळजवळ दुप्पट उंचीची काठी धरून उभे असते. अर्ध्या तासाने ते काठी खाली ठेवते आणि फोन मागते. घरी जाताना बाबा म्हणतात, "आजकालच्या मुलांना पेशन्सच नाही."

मंडळी, हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. मुलांना धीर असतो. आपण त्यांच्या हातात चुकीचे सामान देतो आणि खापर त्यांच्यावर फोडतो.

हे मी अधिकाराने सांगतो, कारण हा गुन्हा मी स्वतः केलेला आहे. २०१७ साली माझा मुलगा आठ वर्षांचा होता. मी पेशाने आयटी सल्लागार. गरज समजून न घेता सगळ्यात मोठा सर्व्हर विकत घेणाऱ्या क्लायंटला मी रोज उपदेश करतो. पण त्या वर्षी मी रॉड-रीलची स्प्रेडशीट बनवली, बॉल बेअरिंगे मोजली, गिअर रेशो ताडून पाहिले आणि अडीचशे डॉलर मोजून सात फुटी मीडियम-हेवी रॉड, बेटकास्टिंग रील आणि वीस पौंडी ब्रेडेड लाइन घेऊन आलो. शिवाय चाळीस-पन्नास ल्युअर्सचा एक डबा. पहिल्याच फेकीत रीलमध्ये पाखराचे घरटे झाले. दुसऱ्या फेकीतही तेच. दोन तासांनी मुलाने मासे ठेवायला आणलेल्या बादलीत खडे गोळा केले होते. "बाबा, आपण घरी जाऊ या का?" एवढेच तो म्हणाला, आणि पुढची दोन वर्षे माझ्याबरोबर तळ्यावर आला नाही.

यात त्याचे काय चुकले ते आता तांत्रिक भाषेत पाहू. रॉडच्या मुठीजवळ बारीक अक्षरात दोन आकडे छापलेले असतात: किती पौंडांची लाइन आणि किती औंसांचे ल्युअर. किंमत पाहण्याआधी हे आकडे पाहावेत. रॉड धनुष्यासारखा काम करतो. फेकताना आमिषाच्या वजनाने तो वाकतो आणि सरळ होताना आमिष दूर फेकतो. अर्ध्या औंसाच्या ल्युअरसाठी बनवलेल्या रॉडला औंसाचा सोळावा भाग, म्हणजे दोन ग्रॅमपेक्षाही कमी वजन लावले, तर तो वाकतच नाही. मग पोर हाताने जोर लावते आणि आमिष पायाशी पडते. लहान मुलाला लाइट किंवा अल्ट्रालाइट, पाच ते साडेपाच फुटांचा रॉड पुरतो.

रीलचे तसेच. बेटकास्टिंग रीलमध्ये फेकताना अख्खे रीळ फिरते. आमिष हळू झाले तरी रीळ गरगरत राहते, आणि अंगठ्याने वेळीच ब्रेक लावला नाही की गुंता ठरलेला. ही कला मोठ्यांनाही सरावाने येते. ती आठ वर्षांच्या अंगठ्याकडून कशी अपेक्षावी? याउलट स्पिनिंग रीलमध्ये रीळ स्थिर असते आणि दोरा त्याच्या टोकावरून सुटत जातो. शिवणाच्या दोऱ्याचे रीळ उभे धरून दोरा वर ओढून पाहा, लगेच कळेल. ओक्लाहोमातल्या टल्सा गावी झेबको कंपनीने १९४९ साली काढलेले बटणाचे, झाकलेले रील याच तत्त्वावर चालते. त्याचा जनक आर. डी. हल याला ही कल्पना दुकानदाराला सुतळीच्या गुंड्यातून सुतळी ओढताना पाहून सुचली, असे सांगतात. बटण दाबायचे, फेकताना सोडायचे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे दहा मिनिटांत जमते. आठ-नऊ वर्षांनंतर लहान स्पिनिंग रील द्यावे. रॉड आणि रीलची अशी जोडी पन्नास डॉलरांच्या आत मिळते.

लाइन साधी, नायलॉनची, चार ते सहा पौंडी मोनोफिलामेंट घ्यावी. ती ताणते, त्यामुळे मुलाने घाईने दिलेला हिसका ती पचवते, आणि तिची गाठ मारणे सोपे. फक्त गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी, नाहीतर घर्षणाने लाइन तिथेच कमकुवत होते. ब्रेडेड लाइन बारीक आणि चिवट असते खरी, पण ती ताणत नाही, आणि कुठे अडकल्यावर हाताने ओढली तर बोट कापते. मोनोफिलामेंट उन्हाने कमकुवत होते, म्हणून दरवर्षी बदलावी.

आता ल्युअर्स. फिनलंडच्या लॉरी रापालाने १९३६ साली बुचाच्या लाकडाचा पहिला नकली मासा कोरला आणि त्याला चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी लावली. त्याआधी त्याने पाण्यातले मासे पाहिले होते. मोठा मासा थव्यातल्या अडखळत पोहणाऱ्या माशावर झडप घालतो, हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने ती चाल लाकडात आणली. आपण मात्र दुकानातली फळी पाहतो. तिथले रंग माणसाला भुलवण्यासाठी असतात. शिवाय अशा ल्युअरला बहुधा दोन-तीन तिहेरी हुक असतात. गर्दीच्या पिअरवर मुलाच्या हाती ते देणे धोक्याचे. आठ किंवा दहा नंबरचा एकच हुक (नंबर वाढला की हुक लहान होतो), त्याचा काटा पकडीने दाबून टाकलेला, छोटा बॉबर, एक लहान वजन आणि गांडुळाचा तुकडा, एवढे पुरे. ब्लूगिलचे तोंडच केवढेसे असते! मे-अखेरीस आणि जूनमध्ये हे मासे अंडी घालायला उथळ पाण्यात येतात. तेव्हा फार लांब फेकायचीही गरज नसते.

वजन शिशाचे मात्र नको. आपल्या राज्याचा पक्षी लून. तो पोटात खडे घेतो आणि त्याबरोबर शिशाचे वजनही गिळतो. तसले एक वजन त्याचा जीव घ्यायला पुरते. न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांनी लहान शिशाच्या वजनांवर बंदी घातली आहे. आपण कायद्याची वाट कशाला पाहायची? कथिलाची वजने मिळतात. तुटलेली लाइनही घरी आणावी. त्या दिवशी मी कापलेला गुंता पिअरखाली टाकून आलो होतो. तो कुणा बदकाच्या पायात अडकला असेल का, हा विचार मला खूप उशिरा सुचला. उरलेली गांडुळेही झाडाखाली सोडू नयेत, कचऱ्यात टाकावीत. मिनेसोटाच्या जंगलातली गांडुळे मूळची इथली नाहीत आणि ती जमिनीवरचा पाचोळा फस्त करून रानाचे नुकसान करतात.

आक्षेप मला माहीत आहेत. "चांगली वस्तू एकदाच घ्यावी." मान्य, पण मुलाला आपण दहा नंबरचे बूट एकदाच घेऊन देत नाही. "मोठा मासा लागला तर?" रीलला ड्रॅग असतो. लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ताणाला तो सैल होईल असा लावला, तर मासा लाइन ओढत पळतो, दमतो, आणि सहा पौंडी लाइनवर त्याहून जड मासाही काठाला येतो. मस्की आणि मोठ्या पाइकसाठी दणकट सामान लागते, हे खरे. पण मस्कीने सुरुवात कोण करतो? "आम्ही शाकाहारी." मग हात ओले करून मासा धरा आणि पाण्यात सोडा, काटा दाबलेला हुक चटकन निघतो.

माझी चूक माझ्या वडिलांनी सुधारली. २०१९ च्या उन्हाळ्यात ते कुडाळहून आले होते. लहानपणी बांबूची काठी, दोरा आणि गरी घेऊन नदीवर मासे गरवलेला माणूस. माझा सात फुटी रॉड गॅरेजमध्ये पाहून ते म्हणाले, "मासो केवढो नि काठी केवढी!" दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी पाच फुटी लाइट रॉड आणला. त्या संध्याकाळी नातवाने सात ब्लूगिल पकडले आणि सातही सोडले. बादली तेव्हाही रिकामीच होती, पण घरी चला म्हणायची पाळी आमच्यावर आली.

आज तो हायस्कूलमध्ये आहे. घरात त्याच्या खोलीचे दार बंद असते. पण शनिवारी सकाळी पिअरवर, बॉबरकडे बघत, तो माझ्याशी दोन तास बोलतो. अडीचशे डॉलरच्या हौसेपायी हे मी जवळजवळ घालवले होते.

तेव्हा यंदाच्या सहलीला मोठे रॉड गाडीच्या डिकीतच राहू द्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना आपल्या राज्यात परवाना लागत नाही, आपला मात्र आठवणीने काढा. गांडुळे मी आणतो.