तारणाची तारीख: १८८३ की १८९१?

१/ वऱ्हाडातील ख्रिस्ती मिशनांचा विषय निघाला की एक ठरलेले वाक्य ऐकू येते : १८९९-१९०० च्या दुष्काळात लोकांनी पोटासाठी धर्म बदलला, विषय संपला. हे वाक्य अर्धवट आहे आणि आळशीही.

२/ अकोल्याला केंद्र करून काम करणाऱ्या अमेरिकन अलायन्स मिशनची शिकवण आधी पाहा. बाप्तिस्म्याने तारण होत नाही, सत्कर्मांनी ते कमावता येत नाही. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यास ते कृपेने मिळते, आणि मिळाल्याची खात्री त्याला याच जन्मी बाळगता येते. ल्यूथरपासून चालत आलेला हा विचार. म्हणजे धान्यासाठी घेतलेला बाप्तिस्मा मिशनच्याच मापाने पोकळ ठरतो!

३/ या सिद्धांताच्या मराठीतील सर्वांत मोठ्या साक्षीदार पंडिता रमाबाई. आपण घोकतो ते २९ सप्टेंबर १८८३, इंग्लंडातील वाँटेज, बाप्तिस्मा. तिथेच चुकतो.

४/ १९०७ च्या आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले : आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. निमित्त झाले विल्यम हॅस्लम यांच्या आत्मवृत्ताचे. हे गृहस्थ आधीपासून पाळक होते आणि स्वतःच्याच चर्चमध्ये प्रवचन देता देता त्यांचे परिवर्तन झाले होते. (ऐकणाऱ्यांचे नव्हे, बोलणाऱ्याचे!) त्रैक्य आणि चर्चची सत्ता यांवरून सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून कडाक्याचा वाद घालणाऱ्या विदुषीला अखेर स्वतःच्या बाप्तिस्म्याचाही आधार पुरला नाही. यात पोटाचा प्रश्न कुठे आला?

५/ १८९३ साली शारदा सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. 'केसरी'ने झोड उठवली. तटस्थतेचा शब्द दिलेला होता, तेव्हा जाब विचारण्याचा पालकांचा हक्क मला मान्य आहे. पण रमाबाई सदन उघडतानाही, १८८९ साली, ख्रिस्तीच होत्या. मग वाद १८९३ सालीच का पेटला? माझ्या मते, मधले १८९१ वगळून याचे उत्तर मिळत नाही.

६/ आता पुन्हा वऱ्हाड. एलिचपूर (आजचे अचलपूर) भागात काम केलेले आल्बर्ट नॉर्टन पुढे केडगावच्या मुक्ति मिशनजवळ, दौंडला, दुष्काळातील अनाथ मुलांचा आश्रम चालवू लागले. धान्य खरे होते, त्या मुलांची लाचारीही खरी होती. ती लपवणारी मिशनऱ्यांची चरित्रे मलाही पटत नाहीत. पण प्रत्येक वऱ्हाडी ख्रिस्ती कुटुंबाची श्रद्धा धान्याच्या पोत्याने मोजणाऱ्यांनी रमाबाईंची १८९१ ची साक्ष त्याच पोत्यात बसवून दाखवावी.