आधी नोंद, मग चौकशी

शाळेत एखादा मुलगा आला नाही, तर हजेरीपटावर गैरहजेरी मांडण्यासाठी मी कारण कळण्याची वाट पाहत नाही. आधी नोंद, मग चौकशी. एवढी साधी शिस्त आमच्या वैद्यक मंडळींना जड का जावी?

गोष्ट घरचीच सांगतो. आईला सांधेदुखीवर बालाघाटात गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी अंगभर फोड! आम्ही तिला गोंदियाला नेले. आपण सीमेवरची माणसे. साधा ताप हिंदीत सांगतो आणि जिवावर बेतले की मराठी मुलखाकडे धावतो. तेथील डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, आई वाचली. ते उपकार विसरणार नाही. पण "हे कुठे कळवायचे असते ना?" असे विचारताच ते म्हणाले, "सर, औषध तिकडचे, तिकडेच सांगा." परतल्यावर इकडचे म्हणाले, "फोड आम्ही पाहिलेच नाहीत. आणि आजी बऱ्या झाल्या ना आता!" दोघेही सज्जन. नोंद मात्र कुठेच नाही.

हे किरकोळ वाटत असेल, तर शिवनीपलीकडचा छिंदवाडा आठवा. सप्टेंबर २०२५ मध्ये परासिया भागातील लेकरांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. खोकल्याचे औषध परासियात घेतलेले, कित्येकांचे उपचार नागपुरात. पुढे तमिळनाडूतील तपासणीत 'कोल्ड्रिफ'मध्ये ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल हे विष निघाले. मध्यप्रदेशात बंदी आली ४ ऑक्टोबरला. वीसहून अधिक मुले गेली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले होते, न्या. लेंटिन आयोगही बसला होता. आपण काय शिकलो?

भेसळ निराळी आणि चांगल्या औषधाचा दुष्परिणाम निराळा, हे मला कळते. पण खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टराला पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच दिसतात. एकाला एकच रुग्ण दिसतो. दहा जणांच्या चिठ्ठ्या एका टेबलावर आल्या, तरच त्यांतली संगती दिसते.

ते टेबल आहे. औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. डॉक्टर, परिचारिका, औषध दुकानदार, कोणीही कळवू शकतो. पुरावा लागत नाही, संशय पुरतो. रुग्णाचे नाव गुप्त राहते. "लिहिले तर आपल्याच गळ्यात येईल," ही भीतीही अनाठायी आहे. कळवणे म्हणजे चुकीची कबुली नव्हे, असे त्या नमुन्यावरच छापलेले असते. एवढे असून डॉक्टरांनी कळवणे सक्तीचे नाही, मर्जीचे आहे. माझ्या शिक्षकांनी हजेरी मर्जीनुसार घेतली, तर चालेल काय?

डॉक्टरसाहेब, आपल्या उपचारावर माझा आक्षेप नाही, आपल्या मौनावर आहे. औषध सीमेच्या अलीकडचे की पलीकडचे, हा वाद नंतर घाला. ज्याने त्रास पाहिला, त्याने लिहावे.

आणि वाचकहो, आपणही सुटत नाही. रुग्णासाठी वेगळा नमुना आहे, तो मराठीतही मिळतो. १८००-१८०-३०२४ हा क्रमांक निःशुल्क आहे. औषधाचे वेष्टन फेकू नका, तारीख लिहून ठेवा. आईचा नमुना मी स्वतः भरला, उशिरा भरला. तो आधी कोणी भरायला हवा होता, हे आता सांगायला नको.