पफरला शेजारी कोण?

मंडळाच्या खोलीतल्या दोन फुटी टाकीत सध्या बारा-पंधरा गप्पी मासे आहेत. त्यांच्यात दोन पी पफर आणून सोडावेत, अशी सूचना मागच्या बैठकीत आली. "वाटाण्याएवढा तर मासा, तो काय करणार?" असा एकूण सूर होता. माझा या सूचनेला विरोध आहे. बैठकीत दोन मिनिटांत तो नीट मांडता आला नाही, म्हणून इथं लिहितेय.

आधी हा मासा कोण ते बघू. पी पफर परदेशातून आलेला नाही. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांचा, म्हणजे आपल्याच सह्याद्रीच्या पाण्याचा तो रहिवासी आहे. १९४१ साली होरा आणि नायर या शास्त्रज्ञांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. त्याच्या शास्त्रीय नावातलं 'त्रावणकोरिकस' हे तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानावरून आलं आहे. लांबी जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर. पण आहे पक्का शिकारी. पाण्यातले बारीक कवचधारी जीव, अळ्या आणि गोगलगायी हे त्याचं खाणं. दात जुळून त्याच्या तोंडात चोचीसारखी कठीण धार तयार झालेली असते आणि गोगलगाईचं कवच तिनंच फुटतं.

मासे पाळणाऱ्यांत एक ढोबळ नियम सांगतात : जो तोंडात मावेल तो घास, जो मावणार नाही तो शेजारी. पुष्कळ शिकारी माशांना हा नियम लागू पडतो. मोठा झालेला एंजल छोटे निऑन टेट्रा गिळतो, पण आपल्याएवढ्या माशाच्या सहसा वाटेला जात नाही. पफरच्या बाबतीत मात्र हा नियम फसवा आहे, कारण तो गिळत नाही, लचका तोडतो. समोरचा मासा त्याच्या दुप्पट मोठा असला तरी शेपटीचा तुकडा तोंडात मावतोच की!

आणि गप्पी तर शेपटीसाठीच प्रसिद्ध. डासांच्या अळ्या खातो म्हणून गावोगावच्या हौदांत सोडलेला तो साधा गप्पी वेगळा. आपल्या टाकीतले नर रंगीत, झुपकेदार शेपटी घेऊन संथ फिरणारे आहेत. पफरच्या दृष्टीनं ते हलतं आमंत्रणच. एकदा शेपूट कुरतडली गेली की जखमेवर बुरशी धरते आणि मासा आठवड्याभरात मरूही शकतो. नदीत असा चावा बसला तर मार खाल्लेला मासा दूर निघून जातो. टाकीत दोन फुटांवर काच लागते. चावणाऱ्याचा स्वभाव दोन्हीकडे तोच असतो. पळायची वाट तेवढी आपण बंद केलेली असते. म्हणून शेजारी निवडण्याची जबाबदारी माशांची नाही, आपली आहे.

"पण अमक्याकडे सहा महिने एकत्र राहिले की!" हेही बैठकीत ऐकलं. राहिले असतील. पफर प्रत्येक वेगळ्या स्वभावाचा निघतो, एखादा खरंच शांत असतो. पण तो कसा निघेल हे दुकानातल्या पिशवीकडे बघून कळत नाही. ते कळेपर्यंत किंमत गप्पी मोजणार. ज्याच्याकडे दुसरी टाकी भरून तयार आहे, त्यानं असा प्रयोग करावा. आपल्याकडे ती नाही.

नुकसान एकाच बाजूचं होईल असंही नाही. पफर खाण्याच्या बाबतीत चोखंदळ आणि सावकाश. आधी तो घासाभोवती घिरट्या घालतो, डोळे फिरवून निरखतो, मग तोंड लावतो. तेवढ्यात गप्पी सगळं फस्त करून मोकळे. शिवाय आपण टाकतो ते कोरडं खाद्य तो बहुधा खातच नाही. त्याला जिवंत किंवा गोठवलेले ब्लडवर्म लागतात, गोगलगायी लागतात. गर्दीच्या टाकीत कोण उपाशी राहिलं हे लक्षातही येत नाही. पोट आत गेलेलं दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मग त्याला सोबती कोण? फायटर नको, तो संथ आणि लांब परांचा. छोटे श्रिंप सोडले तर ते त्याचं जेवण होण्याचीच शक्यता जास्त. तळाशी शेवाळ खात फिरणारा ओटोसिंक्लस काहींच्या टाकीत त्याच्याबरोबर नांदतो, पण त्यालाही भरपूर वनस्पती आणि मोठी जागा हवी. माझ्या मते सगळ्यात चांगला सोबती म्हणजे दुसरा पफर, आणि तोही हिशेबानं. दोन नर एकमेकांना सुखानं जगू देत नाहीत. एक नर, दोन माद्या आणि एकमेकांच्या नजरेआड होता येईल इतकी दाट हिरवळ, एवढं आपल्या पन्नास-पंचावन्न लिटरच्या टाकीत बसतं. त्यापुढे कोणी नको.

"बाकी टाकी रिकामी रिकामी वाटेल" ही तक्रार आपल्या डोळ्यांची आहे, माशाची नाही. टाकीत गर्दी असली की आपल्याला आनंदी वाटतं, म्हणून आपण शेजारी भरत जातो आणि त्याला 'सोबत' म्हणतो.

आणखी एक गोष्ट. हा मासा जागतिक लाल यादीत असुरक्षित गणला गेलाय. त्याचे अधिवास घटताहेत, त्यात शौकीन बाजारासाठी होणाऱ्या पकडीची भर. दुकानातले पुष्कळ पफर अजूनही नदीतूनच येतात. गप्पी घरच्या घरी वाढतात, पफर मेला तर नदीतला एक कमी होतो. 'बघू तरी' म्हणून आणण्याचा हा मासा नव्हे.

तेव्हा माझी उलट सूचना अशी : आहेत ते गप्पी सुखानं राहू द्या. पफर हवेच असतील तर त्यांच्यासाठी वेगळी टाकी करू, वर्गणीत माझा वाटा मी देईन. पण खरेदीच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर इतिवृत्तात लिहून घेऊ : नाताळच्या सुट्टीत कॉलेज बंद असताना त्यांना ब्लडवर्म घालायला येणार कोण? नाव ठरलं की मासे आणू.