छंदालाही जागा लागते

२२ मार्च २०२०च्या रात्री मुंबईची लोकल थांबली. हार्बर मार्गाच्या रुळांना खेटून वसलेल्या गोवंडीत गाड्यांचा आवाज म्हणजे भिंतीवरचे घड्याळ. रात्रीची शेवटची गाडी ते पहाटेची पहिली, एवढाच काय तो खंड. तो आवाज एकाएकी बंद झाला. १५ जूनला गाड्या पुन्हा धावू लागल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. महिलांना ऑक्टोबरात मुभा मिळाली, बाकीच्यांना ठरावीक वेळात डब्यात पाय ठेवायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडावे लागले. एप्रिलमध्ये दारे पुन्हा मिटली आणि दोन लसमात्रा घेतलेल्यांसाठी ती उघडली १५ ऑगस्टला.

या दीड वर्षात किती लोकांचा रोजगार बुडाला, याची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. लोकलबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिची मात्र कोणी फारशी दखल घेतली नाही. रोज तीच गाडी, तोच डबा, तीच माणसे. कुठे भजन, कुठे पत्ते, दसऱ्याला डब्याला तोरण. यातल्या अनेकांना एकमेकांची आडनावेही धड ठाऊक नसतात. पण चार दिवस एखादा दिसला नाही की पाचव्या दिवशी कोणीतरी विचारतेच, ‘अरे, तो का येत नाही?’ वैद्यकाच्या दृष्टीने हा प्रश्न साधा नाही. माणसाची गैरहजेरी कोणाच्या तरी ध्यानात येणे, हे त्याच्या प्रकृतीचे मोठे संरक्षण असते.

खऱ्या गाड्या थांबल्या होत्या, तेव्हा जगात काही छोट्या गाड्या मात्र चालू होत्या. खऱ्या रेल्वेची मापात केलेली प्रतिकृती टेबलावर धावती करणे हा युरोप-अमेरिकेतला जुना छंद. त्यातले सर्वाधिक प्रचलित माप म्हणजे एकास सत्त्याऐंशी, आणि त्याचा रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचा. ही रुंदी तिकडच्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून आली आहे. भारताचा ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे त्याच हिशेबात सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवा. तसा रूळ बाजारात मिळत नाही. त्यामुळे आपली लोकल करू पाहणाऱ्या हौशी माणसाला पहिली तडजोड रुळापाशीच करावी लागते. शिवाय एका चांगल्या आयात इंजिनाची किंमत काही हजारांच्या घरात जाते. हा छंद कसा दिसतो हे बघायचे तर पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. तिथले सिग्नल, पूल आणि फलाट बघताना लहान मुलांपेक्षा त्यांचे वडीलच जास्त वेळ रेंगाळतात.

तिकडे या छंदाच्या संस्था आहेत. लंडनचा क्लब १९१० सालचा, जगातला सर्वांत जुना मानला जातो. अमेरिकेतील राष्ट्रीय संघटना १९३५ची. सभासदांत निवृत्त पुरुषांचा भरणा मोठा, म्हणजे कोविडचा धोका ज्यांना सर्वाधिक होता नेमकी तीच माणसे. मार्च २०२०मध्ये क्लबांना कुलपे लागली, प्रदर्शने रद्द झाली, अमेरिकेतील संघटनेचे सेंट लुईसचे अधिवेशनही झाले नाही. घरात अडकलेल्यांनी खरेदी मात्र केली. हॉर्नबी ही छोट्या गाड्या विकणारी ब्रिटिश कंपनी अनेक वर्षांच्या तोट्यानंतर त्याच आर्थिक वर्षात नफ्यात आली. पण घरात बसून एकट्याने गाडी फिरवणे हा गोष्टीचा निम्माच भाग आहे, आणि तोही कमी महत्त्वाचा.

महत्त्वाचा भाग असा, की या लोकांनी गाडी एकत्र चालवण्याची सोय शोधून काढली. रुळांचा पसारा एकाच्या तळघरात. त्यावर आणि इंजिनावर छोटे कॅमेरे. बाकीचे आपापल्या घरी, हातात मोबाइल. त्या मोबाइलवरून एक जण मालगाडी हाकतो, दुसरा पॅसेंजर. तिसरा सेक्शन कंट्रोलर होतो आणि कोणती गाडी कुठल्या स्थानकात थांबवायची, कोणाला आधी सोडायचे, हे वेळापत्रक बघून फोनवर सांगतो. गुरुवारी रात्री आठला गाडी सुटणार म्हटले की आठला माणूस जागेवर हवा. तो नसेल तर मालगाडी लूप लाइनवर अडकून पडणार आणि मागच्या सगळ्यांचा खोळंबा होणार. साहजिकच फोन जातो, ‘आहेस कुठे?’ पलीकडून कधी उत्तर येते की झोप लागली होती, कधी येते की ताप आहे. मग औषध कोण पोहोचवणार याची बोलणी त्याच फोनवर होतात. दुःख उघड करून बोलणे ज्यांना जमत नाही अशी माणसे, आणि त्यात पुरुष फार, समोर काहीतरी काम असले की बोलतात. इंजिन का अडते यावर वीस मिनिटे बोलून झाल्यावर बायकोच्या आजारपणाचा विषय निघतो.

२० मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवले होते की ‘सामाजिक अंतर’ म्हणू नका, ‘शारीरिक अंतर’ म्हणा. शरीराने लांब राहा, माणसांपासून तुटू नका. आपल्याकडे ‘सोशल डिस्टन्सिंग’ हाच शब्द रुळला आणि बहुतेकांनी तो शब्दशः पाळला. साथीच्या पहिल्या वर्षात जगात चिंता आणि नैराश्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे याच संघटनेने पुढे जाहीर केले.

सोबतीचा प्रकृतीशी असलेला संबंध आता नुसता अंदाज राहिलेला नाही. २०१० साली १४८ अभ्यासांमधील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त आढळली. छंदापुरते बोलायचे तर २०२३मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये १६ देशांतील ६५ वर्षांवरील ९३ हजार लोकांचा अभ्यास आला. छंद असलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी, समाधान जास्त. अर्थात, अशा अभ्यासांतून कार्यकारण पुरते सिद्ध होत नाही. ज्याची तब्येत बरी तोच छंद करू शकतो, असेही असेल. पण नैराश्याच्या उपचारांत रुग्णाला ठरावीक वेळी ठरावीक काम करायला लावणे ही मान्य पद्धत आहे. मन लागेल तेव्हा उठू, अशी वाट बघायची नाही. उठायचे, मन मागून येते. वाट बघणारे कोणी असेल तर उठणे सोपे जाते.

आता हे सगळे गोवंडीत आणून बघावे. इथे एकटेपणा कसला, असे बाहेरच्याला वाटेल. रेल्वे रुळांलगतच्या वस्त्या हलवून कित्येक कुटुंबांना मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन इमारतींत घरे दिली गेली. २२५ चौरस फुटांची खोली, त्यात पाच-सहा माणसे. शेजारची इमारत इतकी जवळ की खालच्या मजल्यांवर ऊनवारा पोहोचत नाही, आणि तिथे क्षयरोग जास्त आढळतो हेही अभ्यासातून पुढे आले आहे. जुलै २०२०मध्ये शेजारच्या चेंबूरच्या वॉर्डासह मुंबईतील तीन वॉर्डांत रक्त तपासले गेले, तेव्हा झोपडपट्टीतील ५७ टक्के लोकांत कोविडची प्रतिपिंडे सापडली. इतर वस्तीत १६ टक्के. दाटीचा हिशेब इतका सरळ आहे. पण दाटी म्हणजे सोबत नव्हे. सहा माणसांच्या खोलीत रडायला कोपरा नसतो आणि मनातले बोलायला माणूसही नसतो, कारण ऐकणारे पाचही जण त्याच विवंचनेत असतात.

म्हणून ‘एखादा छंद लावून घ्या’ हा सल्ला इथे अर्धवट ठरतो. डॉक्टर तो सहज देऊन मोकळे होतात. कागदावर दोन शब्द, पुढचा रुग्ण. बारा डब्यांची लोकल एकास सत्त्याऐंशी मापात केली तरी ती तीन मीटर लांब होते. २२५ चौरस फुटांत ती ठेवायची कुठे? रात्री अंथरुणे पसरायची की रूळ? आणि हे फक्त रेल्वेच्या छंदाचे नाही. शिवण, चित्रे, तबला, कोणताही छंद घ्या, चार हात मोकळी जागा आणि एक बंद होणारे कपाट याशिवाय तो टिकत नाही.

हात नाहीत असे नाही. दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणे ही आपली घरगुती प्रतिकृतीकलाच आहे, आणि ती एकट्याने कधीच होत नाही; एक जण माती आणतो, दुसरा हळीव पेरतो. गणपतीतल्या हलत्या देखाव्यांमागे मोटर, कप्प्या आणि वायरिंग जमवणारी पोरे असतात, त्यांतली निम्मी पुढे वर्षभर रिकामीच दिसतात. पुठ्ठ्याची हुबेहूब लोकल करणारेही मुंबईत आहेत. जून २०२०मध्ये केरळातल्या थ्रिसूरच्या बारा वर्षांच्या एका मुलाने जुन्या वर्तमानपत्रांच्या कागदातून तीन दिवसांत आगगाडी बनवली, तेव्हा रेल्वे मंत्रालयाने तिचे जाहीर कौतुक केले. आयात इंजिनावाचून काही अडत नाही. अडते ते जागेवर.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत बालवाडी, कल्याण केंद्र आणि सोसायटीचे कार्यालय यांसाठी जागा ठेवावी लागते. त्या खोल्यांचे संध्याकाळनंतर काय होते, हे ज्याने त्याने आपल्या इमारतीत डोकावून बघावे. आठवड्यातून दोन संध्याकाळी एक खोली, दोन लांब टेबले, बरा उजेड, उघडी खिडकी आणि हजेरीची वही, एवढ्यावर असा गट उभा राहतो. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांनी त्याची नोंद ठेवली, तर ‘छंद लावून घ्या’ म्हणताना डॉक्टरला पत्ताही देता येईल. बाह्यरुग्ण विभागात आणखी एक प्रश्न विचारायला अर्धा मिनिटही लागत नाही: गेल्या महिन्यात तुम्ही कुठे गेला नाहीत म्हणून कोणी चौकशी केली का?

याने बेकारी जाणार नाही, आणि खरे नैराश्य असेल तर उपचारच हवेत. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी आहे. खोली मिळाली तरी काही पथ्ये पाळावी लागतील. वायर जोडताना झारणाच्या धुराने दम्याचा त्रास वाढतो, कथलात शिसे असेल तर हात धुतल्याशिवाय खाऊ नये, आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकणाऱ्याला टेबलापाशी बसवण्याआधी थुंकी तपासायला पाठवावे. वही आणि टेबले होतील. कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे. अशा खोल्या बंद पडतात त्या बहुतेक किल्लीवरूनच.